उलट्या धाग्याचा जोड

देवपूर, धुळे
गुरुवार, दुपार

प्रिय ज्योत्स्ना,

अर्ध्या इंचाचा लोखंडी एल्बो, म्हणजे पाईप कोपऱ्यात वळवायचा तो तुकडा. घर बांधलं त्या साली माझ्याच दुकानात तो अकरा रुपयांना होता. मला तो कितीला पडला ते सकाळपासून मोजतोय. हॉलची एक भिंत, दोनदा. तुझ्या रुखवतातलं साखरेचं तुळशीवृंदावन. अकरा वर्षं. आणि एक मिस्त्री, ज्याच्यासारखा मला पुन्हा मिळाला नाही. पत्र लांबणार आहे. रविवारच्या आत पूर्ण वाच, एवढंच म्हणणं. अक्षर जागोजागी पुसलंय, ते चालवून घे. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात ओल्या शाईवरूनच पुढे सरकतो, आणि पत्र लिहायची सवय मोडून वीस वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात तू फोन केलास. सोसायटीतल्या चोवीस घरांचे पाईप बदलायचेत, तीन प्लंबर येऊन बघून गेले, कोणाला काम द्यायचं ते रविवारच्या मीटिंगमध्ये ठरणार आहे, तर आबा, चांगला प्लंबर ओळखायचा कसा, असं तू विचारलंस. मला बरं वाटलं. पोरगी जळगावात सोसायटीची सेक्रेटरी झाली तरी पाईपाचं धुळ्याला विचारते! मग तू तिघांबद्दल सांगितलंस, आणि तिसऱ्याबद्दल सांगताना तुझा आवाज जरा उचलला गेला, म्हणजे तो तुला पसंत होता. त्याचं नाव अतिक, सत्तारकाकांचा मुलगा, असं तू म्हणालीस. फोन स्पीकरवर आहे हे मला ठाऊक होतं. तुझे सासरे खलबत्त्यात पान कुटत होते ते मला इथे ऐकू येत होतं. तरी मी म्हणालो, की सत्तारच्या घरातला हात भिंतीत घालू नका, माझ्या भिंतीत एकदा घालून बघितलाय. खलबत्ता थांबला. तुझे सासरे म्हणाले, व्याही म्हणतात ते खरंय, लग्नात आपण डोळ्यांनी बघितलं होतं. तू नुसतं 'बरं' म्हणालीस. तुझं ते 'बरं' मी तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून ओळखतो. त्यानंतर तू हेही सांगितलंस, की अतिक म्हणत होता, अब्बा अजून तुमच्या पिचकारीची आठवण काढतात. त्यावर मी आवाज तुटतोय असं म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

तुझे सासरे कमिटीत आहेत. म्हणजे माझं ते एक वाक्य आतापर्यंत चोवीसच्या चोवीस घरांत पोचलं असणार, आणि जळगाव काही एवढं मोठं नाही की ते तिथेच थांबेल. चोवीस घरांनी नाकारलेल्या प्लंबरला पंचविसावं घर कोणी देत नाही. हे मला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. मी ते करून बघितलेलं आहे. कसं, ते पुढे सांगतो.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवशी ते राहूनच गेलं. प्लंबर आला की त्याच्या पिशवीतल्या हत्यारांकडे बघू नकोस, तो पहिला प्रश्न काय विचारतो ते ऐक. जो विचारतो की नळ फिटिंग कोणत्या कंपनीचं घालायचं, तो दुकानातून येतोय. जो विचारतो की नळाला पाणी किती दिवसांनी येतं, टाकी किती उंच आहे, सगळ्यात वरच्या मजल्यावर सकाळी धार कशी असते, तो पाण्याच्या बाजूने विचार करतोय. दुसरं, भिंत उघडल्याशिवाय जो ठाम आकडा सांगतो त्याला चहा पाजून वाटेला लाव. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. पाईप बसवल्यावर त्यात पाणी दाबून एक दिवस एक रात्र ठेवायचं, एकूण एक जोड कोरड्या फडक्याने पुसून बघायचा, आणि मगच गवंड्याला प्लास्टरला हात लावू द्यायचा. गवंडी ओरडतो, मालक ओरडतो, माल वाळतो म्हणून सगळेच ओरडतात. त्या ओरड्यात जो प्लंबर दारात आडवा उभा राहतो तो आपला. आणि शेवटचं, तो आधीच्या मिस्त्रीबद्दल काय बोलतो ते कान देऊन ऐक. भिंत उघडल्या उघडल्या जो म्हणतो की कोणत्या गाढवानं केलंय हे, तो उद्या स्वतःची चूकसुद्धा त्याच गाढवाच्या नावावर टाकणार. ह्या शेवटच्या परीक्षेत मी नापास झालेला माणूस आहे, आणि हे पत्र त्याबद्दल आहे.

माझे कान तिखट आहेत हे सगळं देवपूर मानतं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी कशी चढतं त्यावरून मी सांगतो, नवं बांधकाम आहे की घरात गळती. नवं बांधकामवाला पाय आपटत येतो, गळतीवाला चोरासारखा येतो. भिंतीला कान लावला की आत पाणी कुठं चाललंय ते मी बोट ठेवून दाखवतो. सोनगीरहून आलो तेव्हा माझ्याकडे एक सायकल होती आणि तीसुद्धा मामाची. वीस फुटी पाईप खांद्यावर घेऊन ती सायकल मी पांझरेच्या पुलावरून चालवली आहे. त्यातून दुकान झालं, दुकानातून घर झालं. आणि ह्या घरातला पाईप न् पाईप माझ्या हातचा आहे, चाळीस वर्षांत माझा एक जोड गळला नाही, हे वाक्य तू इतक्यांदा ऐकलंस की पाहुणे आले आणि मी भिंतीवर थाप मारली की तू आणि तुझी आई आत जाऊन हसायच्या. तुमचं हसू मला ऐकू यायचं.

सत्तार तुला आठवतो तो पिचकारीमुळे. उरलेल्या पाईपाचा हातभर तुकडा, आत काठीला चिंधी गुंडाळलेला दट्ट्या, पुढे बारीक भोक. सगळ्या गल्लीत तुझी धार लांब जायची आणि तू गच्चीवरून ओरडायचीस, सत्तारकाकांची आहे, दुकानातली नाही! मी पाईप विकायचो आणि तो बसवायचा. अठरा-एकोणीस वर्षं आमची जोडी होती. तो मला प्रेमभाऊ म्हणायचा, सगळी दुनिया शेट म्हणायला लागली तरी. पाईपाला आटे पाडायला, आट्यांवर धागा गुंडाळून वर सफेदा लावायला त्यानेच मला शिकवलं. आणि शिकवताना दर वेळी हसायचा. मी डावखोरा, माझा हात आपोआप उलटा फिरायचा. धागा ज्या बाजूने जोड आवळायचा त्याच बाजूने गुंडाळावा लागतो. उलटा गुंडाळला तर आवळताना तो आतून बाहेर सरकत येतो. वरून बघणाऱ्याला जोड घट्ट बसलेला दिसतो, आत तो उपाशी असतो. प्रेमभाऊ, तुम्ही दुकान सांभाळा, असं तो म्हणायचा, आणि माझ्या हातातला पाना काढून घ्यायचा.

आता अकरा वर्षांपूर्वीचा तुझ्या हळदीचा दिवस. मांडव दारात, हॉलमध्ये भिंतीला लावून रुखवताचं टेबल, तुझ्या मावशीने महिनाभर खपून केलेलं साखरेचं तुळशीवृंदावन मधोमध. एरंडोलची तुझ्या सासरची माणसं सकाळी दहाला आली. तुझे सासरे रुखवत बघायला वाकले आणि म्हणाले, वृंदावन खाली बसतंय का हो? ते खालून विरघळत होतं. टेबलावरची चादर ओली, चादरीमागची भिंत ओली, ओल हाताएवढी होती ती बघता बघता सुपाएवढी झाली. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ज्या भिंतीवर मी साखरपुड्याच्या दिवशी थाप मारली होती तीच ती भिंत. तुझे सासरे हसत हसतच म्हणाले, प्रेमराजशेट, हाच का तुमच्या हातचा पाईप?

सत्तार पाहुणा म्हणून आला होता, इस्त्रीचा पांढरा कुडता घालून, जमीलाभाभींना घेऊन. ओल दिसताच त्याने बाह्या वर केल्या आणि भिंतीपाशी येऊन बसला. दोन विटा काढतो, बघू काय झालंय, असं म्हणाला. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, की बाकी सगळं काम माझ्या हातचं आहे, तेवढा एक कोपरा ह्याच्यावर सोपवला होता, आणि बघा. विटाबिटा काही काढायच्या नाहीत, असंही म्हणालो. पाहुणे हसले, म्हणजे मी सुटलो. सत्तारने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. गिऱ्हाइकाने भलतंच माप सांगितलं की तो जसा बघायचा, थांबून, परत एकदा विचारावं का असं, तसं बघितलं. मग उठला, गच्चीवर जाऊन त्या पाईपाचा कॉक बंद केला, बाराच्या आत भिंतीबाहेरून दुसरी लाईन टाकून पाणी चालू करून दिलं. पांढऱ्या कुडत्याला गुडघ्यापर्यंत गंज लागला होता. जाताना म्हणाला, पाणी चालू झालंय, शेट. बायकांची पंगत बसत होती. जमीलाभाभींच्या पुढ्यात पान वाढलेलं होतं. त्याने दारातून हाक मारली आणि त्या पानावरून उठल्या. हे तू बघितलं नाहीस, तुला हळद लागत होती. तुझ्या आईने बघितलं. त्यावर ती माझ्याशी आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही, आणि तेवढं मला ऐकू येत आलंय.

पुढचं मी इतक्या सफाईने केलं की मलाच ते केल्यासारखं वाटलं नाही. दुकानात दिवसातून चार जण विचारतात, शेट, चांगला मिस्त्री सांगा. मी सत्तारची बदनामी केली नाही. फक्त त्याचं नाव घेणं बंद केलं. कोणी मुद्दाम विचारलंच, सत्तार कसा आहे, तर मी हात जरासा हलवायचो, असा, तराजू डगमगावा तसा. वर्षाच्या आत त्याच्याकडे काम राहिलं नाही आणि तो बिऱ्हाड उचलून जळगावला मेहुण्याकडे गेला. जायच्या आधी भेटायला येईल असं मला वाटत होतं. आठ दिवस पायरीवरच्या प्रत्येक पावलाकडे माझा कान होता. आला नाही ते बरं झालं, असं मी स्वतःला सांगितलं.

मागच्या महिन्यात तुझ्या आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचं ठरलं, म्हणून खालच्या मजल्यावर, हॉलच्या त्याच कोपऱ्यात तिच्यासाठी बाथरूम काढायचं ठरलं. काम वनाला दिलं. शिरपूरकडचा माणूस, पन्नाशीचा, बोलायला कमी. त्याने पहिला प्रश्न विचारला की माय रात्री किती वेळा उठते. मी मनात म्हटलं, हा पास. तुझा फोन आला त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने ती भिंत उघडली. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. विटा निघाल्या, जुना पाईप दिसला, कोपऱ्यातला एल्बो गंजून फुगलेला. वनाने तो सोडवला, खिडकीशी नेला, आट्यांमधला काळा पडलेला धागा नखाने उकलला. ह्या माणसाने शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "आबा, बठ्ठं काम एक हातनं शे. हाऊ एकच जोड दुसरा हातना शे. डावखोरा माणूसना." बाकी सगळं काम एकाच्या हातचं, तो एवढा एकच जोड डावखोऱ्याचा. तेवढ्यात सिमेंटची गाडी दारात आली, ड्रायव्हरने सहीसाठी कागद पुढे केला आणि मी सही केली. वर बघितलं तर वना माझ्या हाताकडे बघत होता. मग त्याने नजर काढली, एल्बो खिडकीच्या कट्ट्यावर अलगद ठेवला, आणि दुसऱ्या बाजूच्या विटा काढायला लागला. एक मिस्त्री माझ्यासाठी गप्प बसला, ही दुसरी वेळ.

पहिली वेळ कोणती ते आता सांगतो. घराचं काम चालू होतं तेव्हा तू आईबरोबर मामाकडे होतीस, आठ वर्षांची. सगळे पाईप झाले होते, हॉलचा तो कोपरा फक्त राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी प्लास्टरला येणार होते. दुपारी निरोप आला, जमीलाभाभींना सिव्हिलमध्ये नेलंय. सत्तार हातातला पाना खाली ठेवून पळाला. जाताना सांगून गेला, कोपरा राहू द्या, गवंड्याला परवा बोलवा. मी गवंड्याला परवा बोलावलं नाही. एका एल्बोचा तर प्रश्न आहे, म्हटलं, आणि पाना उचलला. मान वाकडी करून, भिंतीत अर्धा शिरून, घाईघाईने धागा गुंडाळला. कसा गुंडाळला ते बघायला तिथे कोणी नव्हतं. सकाळी प्लास्टर होऊन गेल्यावर सत्तार पेढे घेऊन आला, मुलगा झाला म्हणून. पेढा माझ्या हातावर ठेवला, भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "प्रेमभाऊ, पानी दाबीसन देखं का?" मी तोंडात पेढा घालून म्हणालो, "देखं."

तो मुलगा म्हणजे अतिक. ज्या वेळी तो जोड बसला त्या वेळी त्याचा बाप ह्या घरात नव्हता, आणि हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. हळदीच्या दिवशी, एरंडोलच्या शंभर माणसांसमोर, त्याने नुसतं एवढंच म्हटलं असतं की शेट, त्या दिवशी तर मी सिव्हिलमध्ये होतो, तर मी कुठे तोंड लपवलं असतं? तुझ्या सासरची माणसं तुझ्या बापाला काय म्हणाली असती? त्याला ते कळत होतं. तुझ्या लग्नात तुझ्या बापाची मान खाली जाऊ नये म्हणून तो गप्प बसला, आणि ह्या गप्प बसण्यामुळे त्याचं गाव सुटलं. आणि मी अजाण होतो असं समजू नकोस. पाहुणे जेवायला बसले तेव्हा मी त्या भिंतीला कान लावला होता. पाणी कुठून सुटतंय ते मला बोट ठेवून सांगता आलं असतं. विटा काढू दिल्या नाहीत त्या त्याचमुळे.

आता हे फोनवर का नाही सांगितलं, ते. तीनदा फोन उचलला. पण मी बोलायला लागलो की काय होतं ते तुला माहीत आहे. मी माणसाला हसवतो, विषयाला वळण देतो, आणि शेवटी समोरचाच म्हणतो, जाऊ द्या आबा, होतं असं. समोर येऊन सांगितलं तरी तेच होईल. कागदावर मला तसं वळता येत नाही. म्हणून हे पत्र तुझ्यासाठी जेवढं आहे तेवढंच रविवारच्या मीटिंगसाठी आहे. चोवीस घरांसमोर ते मोठ्याने वाच, एक ओळ गाळू नकोस, आणि तुझे सासरे पुढच्या खुर्चीवर बसलेले असू देत. अतिकला काम द्या असं माझं म्हणणं नाही. त्याला दया दाखवलेलं सत्तारला चालणार नाही. तिघांना वरच्या परीक्षा लावा, जो पास होईल त्याला द्या, फक्त प्रेमराजशेटच्या शब्दावरून कोणाला बाद करू नका. भिंत उघडल्याशिवाय आकडा सांगणार नाही, पाणी दाबल्याशिवाय प्लास्टर होऊ देणार नाही, आणि त्यासाठी दोन दिवस पाणी बंद राहील, असं तुमच्या कमिटीला तोंडावर सांगून हशा ओढवून घेणारा त्या तिघांतला कोण होता ते तूच मला फोनवर सांगितलं आहेस. पत्राबरोबरच्या डब्यात एल्बो आहे, धागा तसाच ठेवलाय, तो मीटिंगमध्ये हातोहात फिरव. त्या तिघांनाही मीटिंगला बोलाव; अतिकच्या हातात गेला की दुसऱ्या कोणाला काही समजावून सांगायची गरज पडणार नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने मी जळगावला येतोय, पण तुझ्याकडे नाही. आधी सत्तारच्या दारात जाणार आहे. तो उघडेल की नाही ते मला माहीत नाही, आणि दाराला कान लावून कळण्यासारखं ते नाही. तुझ्या सासऱ्यांना मात्र एक गोष्ट पत्र संपताना नीट ऐकव, कारण मी हळदीच्या दिवशी त्यांना ती बरोबर उलटी सांगितली होती. ह्या घरातला पाईप न् पाईप सत्तारने बसवला आहे, आणि तो सगळा कोरडा आहे. माझ्या हातचा जोड ह्या घरात तेवढा एकच होता.

तुझाच,
आबा